देवांच्या रानातलं हसू

लिथुएनियन भाषेत देवाला 'दिएवास' म्हणतात. अग्नीला 'उग्निस', मधाला 'मेदुस', मुलाला 'सूनुस', धुराला 'दूमाइ'. संस्कृतची थोडी जरी तोंडओळख असली तरी हे शब्द कानाला घरचे वाटतात. बाल्टिक समुद्राकाठी तीस लाखांहूनही कमी वस्तीचा हा देश, पण त्याच्या भाषेने जुनी रूपं इतकी जपून ठेवली आहेत की संस्कृतशी तुलना करायची झाली की भाषाशास्त्रज्ञ आधी तिच्याकडे वळतात.

त्यामुळे 'दिएवू मिश्कास' हे पुस्तकाचं नाव दिसलं तेव्हा त्यातला पहिला शब्द मला कोशात शोधावा लागला नाही. 'मिश्कास' म्हणजे रान. देवांचं रान. नाव वाचून एखादी परीकथा असेल असं वाटावं. पण हे रान म्हणजे नाझींची श्टुटहोफ नावाची छळछावणी, आणि लेखक तिथून जिवंत परतलेला एक प्राध्यापक. बालिस स्रुओगा त्यांचं नाव.

या पुस्तकात अवघड काय असेल, तर ते विनोदी आहे. छळछावणीवरचं पुस्तक आणि विनोदी, हे ऐकूनच माणूस बिचकतो. मीही बिचकलो होतो. इंग्रजी अनुवादाची पहिली तीसेक पानं वाचून पुस्तक मिटून ठेवलं, कारण कशाला हसतोय हेच कळेना आणि हसल्याची लाज वाटायला लागली. पुढे स्रुओगांचं आयुष्य समजून घेतलं आणि पुस्तक पुन्हा उघडलं. ज्या क्रमाने मला ते उमगत गेलं, त्याच क्रमाने इथे सांगतो.

स्रुओगांचा जन्म १८९६ सालचा, उत्तर लिथुएनियातल्या बाइबोकाइ नावाच्या खेड्यातला. तेव्हा लिथुएनिया रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि तिथे लिथुएनियन पुस्तक छापणं हा गुन्हा होता. १८६३ साली झारविरुद्ध मोठा उठाव झाला. तो मोडून काढल्यावर सरकारने ठरवलं, की लोकांची भाषा लोकांना बोलू दे, पण लिहायची ती रशियन लिपीत. रोमन लिपीतल्या लिथुएनियन छपाईवर १८६४ पासून बंदी आली आणि ती चाळीस वर्षं टिकली. लोकांनी काय करावं? पुस्तकं शेजारच्या प्रशियात छापून घेतली आणि पाठीवर, गवताच्या गाडीत, कपड्यांखाली लपवून रात्री सरहद्दीपलीकडून आणली. आणणाऱ्यांना 'क्निगनेशिस' म्हणत, म्हणजे पुस्तकं वाहून नेणारे. पकडले गेले तर सैबेरिया, पळायला गेले तर गोळी. चोरून आणलेला माल काय, तर प्रार्थनेची पुस्तकं, पंचांगं, अंकलिपी आणि वर्तमानपत्रं.

ही बंदी १९०४ मध्ये उठली तेव्हा स्रुओगा आठ वर्षांचे होते. आपल्या भाषेतलं पुस्तक कुठे दडवून ठेवायचं हे घरच्या मोठ्यांना माहीत असण्याचा तो काळ. त्या पिढीतल्या मुलांना लेखक होणं म्हणजे काय वाटत असेल, याचा अंदाज यावरून यावा.

शाळा पानेवेझिस गावात झाली. मग ते पेट्रोग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला गेले ते वनशास्त्र शिकायला. लेखक व्हायचं म्हणून नव्हे, झाडं शिकायला! पण मन कवितेत होतं. १९१६ मध्ये मॉस्को गाठून त्यांनी साहित्य हाती घेतलं. रशियन प्रतीकवादी कवींचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. सुरुवातीच्या कविता तशाच आहेत, हळव्या, धुक्यातल्या, स्वतःच्याच नादात. पुढे जर्मनीत म्युनिकला जाऊन १९२४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता लिथुएनियन लोकगीतं, ज्यांना तिकडे 'दाइना' म्हणतात. त्याच वर्षी वांदा दाउगिर्दाइते या इतिहास अभ्यासिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलगी झाली, तिचं नाव दालिया.

देश १९१८ साली स्वतंत्र झाला होता. विल्नियस ही जुनी राजधानी पोलंडच्या ताब्यात गेल्यामुळे कारभार कौनास शहरातून चालायचा. तिथल्या विद्यापीठात स्रुओगा रशियन साहित्य शिकवत. नाटकाचा अभ्यासवर्गही त्यांनीच सुरू केला आणि त्यातून लिथुएनियन रंगभूमीला नवी माणसं मिळाली. स्वतः पद्यातली ऐतिहासिक नाटकं लिहिली. त्यातलं १९३२ चं 'मिलझिनो पाउंक्स्मे', म्हणजे 'महाकायाच्या सावलीत', हे सगळ्यात गाजलं. पोलंड आणि लिथुएनियाचा मध्ययुगातला राजा योगायला, त्याच्या म्हातारपणावरचं हे नाटक, आणि सावली आहे ती त्याच्या कर्तबगार चुलतभावाची, वितौतासची. वितौतास मंचावर नसतोच. तो मरून गेलेला आहे, पण त्याची आठवण काही राजाला जगू देत नाही.

म्हणजे पुढे 'देवांचं रान' लिहिणारा माणूस हा मुळात कवी आणि नाटककार. कादंबरीकार म्हणून तो ओळखला जातो ते एकाच पुस्तकामुळे.

आता १९४० कडे येऊ, कारण पुढचं बरंचसं त्यानंतरच्या काही वर्षांत घडतं. जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने लिथुएनिया घेतला. वर्षभराने, जून १९४१ मध्ये, हजारो कुटुंबांना गुरांच्या डब्यांत भरून सैबेरियाला धाडलं. त्यानंतर आठवडाभरात हिटलरचं सैन्य आलं. या दुसऱ्या राजवटीने लिथुएनियातल्या दोन लाखांच्या आसपास ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माणसं मारली, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच, आणि त्यात स्थानिक लोकांचाही हात होता. लिथुएनियाची कहाणी सांगताना हे वगळून चालत नाही.

१९४३ च्या सुरुवातीला, रशियात स्टालिनग्राडला झालेल्या पराभवानंतर, जर्मनांना माणसं कमी पडायला लागली. लाटविया आणि एस्टोनियात त्यांनी स्थानिक तरुणांच्या एसएस (नाझींचं सशस्त्र दल) तुकड्या उभ्या केल्या. लिथुएनियात तोच प्रयत्न पार फसला, पोरं भरतीलाच येईनात. जर्मनांनी ठपका ठेवला शिकलेल्या लोकांवर. विद्यापीठं बंद झाली आणि प्राध्यापक, शिक्षक, वकील, पाद्री असे शेहेचाळीस जण ओलीस म्हणून श्टुटहोफला गेले. त्यांत विल्नियस विद्यापीठातले प्राध्यापक स्रुओगा होते. अटकेची तारीख १६ मार्च १९४३. सरहद्दीवरून पुस्तकं आणणाऱ्यांचा राजा म्हणून ज्याचं नाव घेतात त्या युर्गिस बिएलिनिसचा हाच जन्मदिवस, आणि लिथुएनियात आज १६ मार्च हा पुस्तकवाहकांचा दिवस म्हणून पाळतात. निव्वळ योगायोग आहे, पण एकदा लक्षात आला की मनातून जात नाही.

श्टुटहोफ आजच्या पोलंडमध्ये, ग्दान्स्कपासून चौतीस किलोमीटर पूर्वेला. समुद्र जवळ, जमीन वाळूची आणि दलदलीची, भोवती पाइनचं रान. या रानाला जुन्या काळापासून देवांचं रान म्हणतात, असं स्रुओगा सांगतात. नाव तिथूनच उचललं. युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी, २ सप्टेंबर १९३९ ला, ही छावणी सुरू झाली. एकूण १,१०,००० च्या आसपास माणसं तिथे आणली गेली आणि त्यांतली सुमारे ६५,००० मेली.

पुस्तक कळायचं तर या छावणीचा कारभार कसा चालायचा ते आधी कळायला हवं. आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते गणवेशातल्या जर्मन शिपायाचं. पण हजारो कैद्यांना रोज उठवणं, मोजणं, कामावर हाकणं, भाकरी वाटणं हे काम मूठभर शिपायांच्याने होत नाही. एसएसने ते कैद्यांमधल्याच काही जणांकडे दिलं. प्रत्येक बराकीला एक प्रमुख, प्रत्येक कामाच्या टोळीवर एक मुकादम, ज्याला 'कापो' म्हणत. या जागांवर बसवले जात ते बरेचदा चोर, दरोडेखोर, खुनी. कैद्यांच्या कपड्यांवर रंगीत त्रिकोण शिवलेला असे. हिरवा त्रिकोण म्हणजे गुन्हेगार, लाल म्हणजे राजकीय कैदी. हिरव्याच्या हातात दांडका आणि लालच्या पाठीवर वळ, अशी ती व्यवस्था. कापोने जितकं जास्त मारावं तितकी त्याची जागा पक्की. रस्सा वाढताना पातेल्याच्या तळाशी पळी घालून कुणाला घट्ट द्यायचं आणि वरवरचं पाणी कुणाला, हेही त्याच्याच हातात. अशा ठिकाणी भल्या माणसाची फार दिवस भली राहण्याची सोयच नसते.

स्रुओगांच्या विनोदाचा रोख बहुतेक वेळा या व्यवस्थेवर आहे. जर्मन सैतान आणि कैदी देवदूत अशी सरळ वाटणी त्यांनी केलीच नाही. कैदी कैद्याची भाकरी चोरतो. मेलेल्याच्या पायातल्या खडावांवर दोघं भांडतात. काल मार खाणारा आज दांडका हातात आला की तसाच मारतो. हे सगळं ते एखादा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक जनावरांच्या सवयी सांगेल तशा शांत, काहीशा अदबशीर भाषेत सांगतात.

ही पद्धत नेमकी कशी, हे एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण माझं, पद्धत त्यांची. समजा पहाटे बराकीत एक माणूस मेला. दुसरा कुणीही लेखक त्याच्या डोळ्यांबद्दल लिहील, घरी वाट बघणाऱ्या बायकोबद्दल लिहील. स्रुओगा सुरुवात करतील हजेरीपासून. हजेरीत आकडा जुळलाच पाहिजे, मग मेलेला माणूसही उचलून रांगेत आणायला हवा, कारण कार्ड निकाली निघेपर्यंत तो छावणीच्या हिशेबी हजरच आहे. मग कचेरी. तिथे कार्ड निघणार, मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात काहीतरी सभ्यसं दुखणं लिहिलं जाणार, सही होणार. मारहाण या नावाचं दुखणं यादीत नाहीच. एवढ्या सगळ्या खटाटोपात बिचारे कारकून किती दमतात! वाचणारा इथे हसतो आणि त्याच क्षणी त्याला कळतं की आपण कुणाच्या बाजूने हसलो. त्या कळण्यासाठीच हा सगळा घाट आहे.

ही कचेरी स्रुओगांनी आतून पाहिली होती. पहिले काही महिने लिथुएनियन ओलिसांना इतरांसारखीच मजुरी आणि इतरांसारखाच मार होता. त्यात त्यांच्यातले काही जण मेले. नंतर बर्लिनहून हुकूम आला आणि त्यांना 'सन्मान्य कैदी' ठरवलं गेलं. काम हलकं झालं, वागणूक बरी झाली आणि स्रुओगा कारकुनीला लागले. छावणीत त्यांनी कविता आणि नाटकंही लिहिली. पण या सवलतीचा त्यांनी पुस्तकात कुठेही टेंभा मिरवलेला नाही. आपण का वाचलो, तर अंगी काही विशेष होतं म्हणून नव्हे, कुठल्यातरी कागदावर कुणीतरी शिक्का बदलला म्हणून, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते त्यांच्या हसण्यातली कटुता इथून येते. ज्या कारकुनी भाषेने हजारो माणसं रकान्यात घालून संपवली तीच भाषा त्यांना जिवंत ठेवत होती. बाहेर आल्यावर त्यांनी तीच भाषा उचलली आणि तिचीच पोलखोल केली.

याच छावणीत त्यांच्यासोबत स्तासिस इला नावाचे कॅथलिक पाद्री होते. त्यांनीही पुढे आठवणी लिहिल्या, नाव ठेवलं 'देवांच्या रानातली माणसं आणि श्वापदं'. त्यांच्या नजरेत श्रद्धा आहे, माणसातलं चांगलं शोधण्याची धडपड आहे. तोच अनुभव, त्याच बराकी, आणि दोन वेगळे स्वभाव. स्रुओगांचं पुस्तक थंड वाटलं तर इलांचं वाचावं. कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं, असा तो प्रश्न नाही.

१९४४ मध्ये इतर छावण्यांमधून ज्यू कैदी श्टुटहोफला मोठ्या संख्येने आणले गेले, त्यांत बायका फार होत्या. पुढे जानेवारी १९४५ मध्ये रशियन तोफांचे आवाज जवळ आले तसं छावणी रिकामी करायचं ठरलं. २५ जानेवारीपासून सुमारे अकरा हजार कैद्यांना पश्चिमेला लाउएनबुर्गच्या दिशेने चालत नेलं. बर्फ, उपासमार, पायात लाकडी खडावा. मागे पडेल त्याला गोळी. वाटेतल्या खेड्यांमधले काशुबियन शेतकरी धोका पत्करून भाकरी आणि उकडलेले बटाटे कैद्यांच्या हातात कोंबत. पुस्तकाचा शेवटचा भाग या चालण्याचा आहे. इथे वाक्यं आखूड होतात, विनोद पातळ होत जातो, आणि दोनशे-तीनशे पानं आपल्याशी खेळत असलेला निवेदक एकदम थकलेला, आजारी, पन्नाशीकडे झुकलेला माणूस होऊन समोर येतो. संपूर्ण पुस्तकातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा हा भाग.

मार्च १९४५ मध्ये लाल सैन्याने त्यांची सुटका केली आणि मे महिन्यात ते विल्नियसला पोचले. घर रिकामं होतं. वांदा आणि दालिया १९४४ मध्येच, सोव्हिएत सैन्य परत यायच्या आधी, जर्मनीकडे निघून गेल्या होत्या. पुढे त्या अमेरिकेत, शिकागोला स्थायिक झाल्या. स्रुओगांना त्या दोघी पुन्हा कधीच भेटल्या नाहीत.

शरीर खिळखिळं झालं होतं. नेमान नदीकाठच्या बिर्श्तोनास गावातल्या आरोग्यधामात ते उपचारासाठी राहिले आणि तिथे काही महिन्यांतच 'देवांचं रान' लिहून काढलं. आठवणी ताज्या होत्या, नावं, चेहरे, शिव्या, सगळं. म्हणून पुस्तकात खरीखुरी माणसं खऱ्या नावांनी येतात. हिला कादंबरी म्हणावं की आठवणी, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. घटना घडलेल्या आहेत, पण निवड, रचना आणि आवाज कादंबरीकाराचा आहे. मी तरी कादंबरीच म्हणतो, कारण तो सांगणारा, अदबीने बोलणारा 'मी' हे घडवलेलं पात्र आहे.

आता पुस्तकाचं काय झालं? नाझींविरुद्ध इतका कडक पुरावा. सोव्हिएत सरकारने तर डोक्यावर घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, छापायलाच नकार दिला. कारण समजून घेण्यासारखं आहे. त्यांना हवी होती ती वीरकथा: छावणीतही साम्यवादी कैदी एकजुटीने लढतात, मान ताठ ठेवून मरतात, आणि शेवटी लाल सैन्य येतं. स्रुओगांच्या पुस्तकात वीर नाही. भूक आहे, भीती आहे, आणि सत्तेच्या एका तुकड्यासाठी माणूस काय काय करतो ते आहे. शिवाय छावणीची व्यवस्था इतक्या बारकाईने सांगितली की सैबेरियातल्या सोव्हिएत छावण्यांमधून परतलेल्या माणसाला ती ओळखीची वाटणारच. आणि हसू तर कुठल्याच साच्यात बसत नव्हतं. १९४६ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत साम्यवादी पक्षाने आख्मातोवा आणि झोश्चेंको या लेखकांवर तोफ डागली होती. त्याचेच पडसाद ऑक्टोबरमध्ये लिथुएनियन लेखकांच्या सभेत उमटले. बळी गेलेल्यांची थट्टा केली, असा आरोप स्रुओगांवर झाला. काझिस प्रेइक्शास नावाच्या पक्षनेत्याने तर, असल्या माणसांना जर्मनांनी छावणीत डांबलं ते बरोबरच केलं असावं, अशा अर्थाचं भर सभेत म्हटलं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. ज्याने दोन वर्षं तिथे काढली, त्याला हे ऐकवायचं, तेही त्याच्याच शहरात, त्याच्याच सहकाऱ्यांसमोर.

त्या सभेनंतर वर्षभराने, १६ ऑक्टोबर १९४७ ला, न्यूमोनियाने स्रुओगा गेले. वय ५१. विल्नियसच्या रासोस दफनभूमीत त्यांना पुरलं. हस्तलिखित तसंच पडून राहिलं. १९५३ मध्ये स्टालिन मेला, १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने त्याच्या कारकिर्दीवर उघड टीका केली, हवा थोडी सैल झाली, आणि १९५७ मध्ये 'दिएवू मिश्कास' विल्नियसमध्ये छापून बाहेर पडलं, लेखक गेल्यावर दहा वर्षांनी. आज ते लिथुएनियातल्या शाळांमध्ये अभ्यासाला आहे, आणि २००५ मध्ये अल्गिमांतास पुइपा यांनी त्यावर चित्रपट काढला.

वाचायचं ठरवलंत तर माझ्यासारखी चूक करू नका. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. सलग वाचू नका, रोज एखाद-दुसरं प्रकरण वाचा, आणि जिथे हसू आलं तिथे थांबून मागचं वाक्य परत वाचा. इंग्रजी अनुवाद १९९६ चा आहे. शिकागोत वांदा तेव्हा सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. कौनासमध्ये तिघं एकत्र राहत होते ते घर आता दोघा नवराबायकोंच्या नावाचं संग्रहालय आहे.